पुलाचं वजन पुन्हा कोणी काढलंच नाही : क्युबेक, १९०७

पीएचडीला प्रवेश मिळाला की कोर्सवर्कमध्ये ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा दोन क्रेडिटचा पेपर येतो. दुसऱ्याचं लिखाण चोरू नका, आकडे बनवू नका, सहलेखकाचं नाव गाळू नका, असं त्यात सांगितलेलं असतं. सगळं बरोबरच आहे. पण हा पेपर वाचून एक गैरसमज होऊ शकतो, तो म्हणजे नीतिमत्ता म्हणजे फक्त खोटेपणा टाळणं.

इंजिनीअरिंगचा इतिहास याहून अवघड प्रश्न विचारतो. समजा कोणी आकडे बनवले नाहीत, कोणी पैसे खाल्ले नाहीत, आणि सगळी माणसं आपापल्या कामात जाणकार होती. तरीही ७५ जण मेले. मग चुकलं कुठे? आणि जबाबदार कोण?

आजच्या लेखात आपण कॅनडातल्या क्युबेक पुलाची गोष्ट बघू. ती इंजिनीअरिंग एथिक्सच्या अभ्यासात नेहमी येते, पण बहुतेक वेळा दोन ओळींत संपते: ‘डिझाइन चुकलं, पूल पडला.’ त्या दोन ओळींच्या आत जे आहे, ते संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

पूल आणि माणसं

सेंट लॉरेन्स नदीवर क्युबेक शहराजवळ रेल्वेचा पूल बांधायचा, यासाठी १८८७ मध्ये एक कंपनी स्थापन झाली. नदी खोल, प्रवाह जोराचा, आणि हिवाळ्यात बर्फाचे मोठे थर वाहत येणार. त्यामुळे मध्ये खांब उभे करता येत नव्हते. उपाय होता कँटिलिव्हर पूल. भिंतीतून सज्जा बाहेर येतो तसा प्रत्येक खांबावरून पुलाचा एक हात नदीवर पुढे येतो, आणि तो कलंडू नये म्हणून दुसरा हात मागे किनाऱ्याशी जखडलेला असतो. दोन्ही बाजूंचे हात पुढे आले की मधला तुकडा त्यांच्यावर टेकवायचा.

कंपनीचे मुख्य इंजिनीअर होते एडवर्ड होअर. त्यांनी त्याआधी ३०० फुटांपेक्षा मोठ्या पुलावर काम केलेलं नव्हतं. म्हणून कंपनीने न्यूयॉर्कचे थिओडोर कूपर यांना सल्लागार नेमलं. कूपर म्हणजे अमेरिकेतल्या पूलबांधणीतलं मोठं नाव. सेंट लुइसच्या प्रसिद्ध पुलावर जेम्स ईड्स यांच्या हाताखाली ते तयार झालेले. क्युबेकच्या वेळी त्यांनी साठी गाठली होती. पोलादी सांगाडा बनवण्याचं काम पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्स ब्रिज कंपनीला मिळालं. तिथले मुख्य डिझायनर होते पीटर श्लाप्का.

सुरुवातीच्या आराखड्यात मधला गाळा १,६०० फुटांचा होता. १९०० मध्ये कूपर यांनी तो १,८०० फूट करायला सांगितला. कारण तांत्रिक होतं: खांब किनाऱ्याजवळ, कमी खोल पाण्यात येतील, बर्फाचा मारा कमी बसेल आणि काम लवकर होईल. पण त्यामुळे आणखी एक गोष्ट होणार होती. स्कॉटलंडच्या फोर्थ पुलाचा गाळा होता १,७१० फूट. म्हणजे क्युबेकचा पूल जगातला सर्वांत लांब कँटिलिव्हर ठरणार होता.

न बदललेला आकडा

आता इथे थांबा आणि कागद-पेन घ्या. कोणत्याही मोठ्या पुलाला सर्वांत जास्त ओझं स्वतःचंच असतं. याला डेड लोड म्हणतात. गंमत अशी की हे वजन माहीत असल्याशिवाय डिझाइन करता येत नाही, आणि डिझाइन झाल्याशिवाय वजन कळत नाही. म्हणून आधी अंदाज धरायचा, डिझाइन करायचं, आलेलं वजन अंदाजाशी ताडायचं, आणि फरक पडला तर पुन्हा पहिल्यापासून गणित करायचं. सिम्युलेशन करणाऱ्यांना हे इटरेशन म्हणून ओळखीचं असेल.

गाळा १,६०० वरून १,८०० फूट केला म्हणजे लांबी साडेबारा टक्क्यांनी वाढली. दर फुटामागचं वजन तेवढंच राहिलं असं मानलं, तरी बेंडिंग मोमेंट लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साधारण सव्वीस-सत्तावीस टक्के. आणि वजन तेवढंच राहणार नाही हे उघड आहे, कारण जास्त ताण घ्यायला जाड पोलाद लागणार. क्युबेकच्या बाबतीत गाळा वाढला, पण वजनाचा जुना अंदाज तसाच पुढे वापरला गेला. पुन्हा गणित झालंच नाही.

का झालं नाही? आधीची काही वर्षं पुलाच्या कंपनीकडे पैसाच नव्हता, त्यामुळे फिनिक्स कंपनी सविस्तर डिझाइनवर खर्च करायला तयार नव्हती. १९०३ मध्ये सरकारी हमी मिळाली, पैसा आला आणि मग एकदम घाई सुरू झाली. आराखडे काढायचे, पोलाद बनवायचं, चढवायचं. जुना आकडा तपासण्याचं काम नेमकं कोणाचं होतं, तर सगळ्यांचंच. आणि जे सगळ्यांचं असतं ते कोणाचंच नसतं, हे आपल्या डिपार्टमेंटमधल्या सामायिक उपकरणांवरून आपल्याला माहीत आहेच.

त्यात कूपर यांनी पोलादाला परवानगी दिलेला ताणही त्या काळच्या प्रथेपेक्षा बराच जास्त होता. कॅनडाच्या रेल्वे आणि कालवे खात्यातल्या रॉबर्ट डग्लस या इंजिनीअरने तेव्हाच त्यावर बोट ठेवलं होतं. सरकारने स्वतःचा स्वतंत्र पूलतज्ज्ञ नेमून आराखडे तपासावेत, असा प्रस्तावही पुढे आला. कूपर यांना तो अपमान वाटला. त्यांनी ओटावाला जाऊन खात्याच्या मुख्य इंजिनीअरची भेट घेतली, आणि शेवटी व्यवहारात कूपर यांचा शब्दच अखेरचा ठरला. दुसऱ्या डोळ्यांनी तपासणी होण्याची एकमेव शक्यता इथे संपली.

खरं वजन कळलं ते १९०६ मध्ये. पोलादाच्या तपासनिसाने कळवलं की प्रत्यक्ष वजन अंदाजापेक्षा बरंच जास्त भरतंय. अंदाज होता सुमारे ६.२ कोटी पौंडांचा, प्रत्यक्ष वजन जाणार होतं ७.३ कोटी पौंडांच्या घरात. तोवर बरंचसं पोलाद तयार होऊन काही भाग उभाही राहिला होता. कूपर यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: सगळं थांबवून नव्याने सुरू करा, नाहीतर वाढीव ताण मान्य करा. त्यांनी हिशेब केला, ताण सात ते दहा टक्क्यांनी वाढेल असा निष्कर्ष काढला आणि तो चालेल असं ठरवलं.

विशेष म्हणजे सांगाडा उभा राहायला लागल्यावर कूपर एकदाही तिथे गेले नाहीत. त्यांची शेवटची भेट १९०३ च्या मे महिन्यातली. प्रकृती साथ देत नव्हती. अखेरचा शब्द त्यांचा, पण डोळे दुसऱ्याचे, अशी व्यवस्था होती. ते डोळे होते नॉर्मन मॅक्लुअर या तरुण इंजिनीअरचे. त्याला थोड्याच वर्षांपूर्वी पदवी मिळाली होती.

बाक आधीपासूनच होता?

१९०७ च्या ऑगस्टमध्ये मॅक्लुअरने कळवायला सुरुवात केली की पुलाच्या खालच्या कॉर्ड वाकलेल्या दिसतायत.

हे समजायला प्लॅस्टिकची फूटपट्टी पुरेशी आहे. ती टेबलावर उभी धरा आणि वरून बोटाने दाबा. ती चिरडत नाही, एका बाजूला बाक काढते. एकदा बाक आला की तेवढाच दाब तिला आणखी वाकवतो. म्हणजे दाबाखालच्या तुळईत प्रश्न फक्त ‘पोलाद किती मजबूत’ एवढाच नसतो, ‘ती सरळ राहील का’ हाही असतो. कँटिलिव्हरच्या खालच्या कॉर्डवर प्रचंड दाब असतो. क्युबेकमध्ये अशी प्रत्येक कॉर्ड चार समांतर पोलादी फळ्यांची होती, आणि त्या चार फळ्या तिरप्या पट्ट्यांच्या जाळीने एकमेकींना बांधलेल्या होत्या. चारही फळ्यांनी मिळून एकच तुळई म्हणून काम करायचं, तर ती जाळी आणि तिचे रिव्हेट भक्कम हवेत. तिथेच ते कमी पडत होते.

बाकाबद्दल दोन म्हणणी पुढे आली. फिनिक्स कंपनीचे मुख्य इंजिनीअर जॉन डीन्स यांचं म्हणणं होतं की हा बाक कारखान्यातून येतानाचाच आहे, पुलावरच्या ओझ्याशी त्याचा संबंध नाही. मॅक्लुअरचं म्हणणं होतं की नाही, हा नंतर आलाय. कूपर यांनी तारा पाठवून विचारलं, हे झालं कसं? पण समाधानकारक उत्तर मिळालं नाही आणि काम चालू राहिलं.

आता संशोधक म्हणून विचार करा. दोन गृहीतकं आहेत. त्यांच्यातला फरक कळायला कोणतं मोजमाप पुरेल? बाक जुना असेल तर तो स्थिर राहील. ओझ्यामुळे असेल तर वाढत जाईल. म्हणजे तीच जागा दोनदा मोजली की झालं. २७ ऑगस्टला हे मोजमाप समोर आलं. किनाऱ्याकडच्या हातातल्या ए-९-एल या कॉर्डचा बाक आठवड्याभरापूर्वी पाऊण इंच होता, तो आता दोन इंचांच्या वर गेला होता.

प्रश्न तिथेच सुटायला हवा होता. फोरमनने काम थांबवलंही. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झालं. काम थांबलं तर कामगारांवर वाईट परिणाम होईल, माणसं निघून जातील आणि हा हंगाम वाया जाईल, असा विचार झाला. जागेवर असलेल्या कोणालाच वाटलं नाही की पूल थांबवण्याचा अधिकार आपला आहे. म्हणून होअर यांनी मॅक्लुअरला न्यूयॉर्कला पाठवलं, कूपर यांना विचारायला.

२९ ऑगस्ट

२९ ऑगस्टला दुपार व्हायच्या आत मॅक्लुअर कूपर यांच्या ऑफिसात पोचला. कूपर यांना आकडे बघताक्षणी गांभीर्य कळलं. सव्वाबाराच्या सुमारास त्यांनी तार केली: नीट विचार होईपर्यंत पुलावर आणखी वजन चढवू नका. पण ही तार गेली फिनिक्स कंपनीला, पेनसिल्व्हेनियात. क्युबेकमध्ये काम थांबलेलंच आहे अशी कूपर यांची समजूत होती. क्युबेकला तार मॅक्लुअर करणार होता. ती गेली नाही.

फिनिक्सच्या ऑफिसात तार दुपारी तीनच्या सुमारास पोचली. संध्याकाळी मॅक्लुअरही तिथे पोचल्यावर चर्चा झाली आणि ठरलं की उद्या सकाळी बघू.

जवळपास त्याच वेळी, साडेपाचच्या सुमारास, क्युबेकमध्ये दिवसाचं काम संपत होतं. पुलावर ८६ माणसं होती. ए-९-एल आणि तिच्या जोडीची कॉर्ड निकामी झाली आणि सुमारे १९ हजार टन पोलाद साधारण १५ सेकंदांत खाली आलं. ७५ जण मेले. त्यातले ३३ जण काहनावाके वस्तीतले मोहॉक कामगार होते. एकाच छोट्या गावातली इतकी माणसं एका संध्याकाळी गेली.

आणखी एक नाव लक्षात ठेवा: आर्थर बर्क्स. हा फिनिक्स कंपनीचा जागेवरचा इंजिनीअर. बाक जुनाच आहे, काळजीचं कारण नाही, असं त्याचंही मत होतं. तोही मेलेल्यांत आहे. म्हणजे तो आपल्या मतावर स्वतः उभा होता. या गोष्टीत खलनायक शोधणाऱ्यांची इथे अडचण होते.

चौकशीचा अहवाल कसा वाचायचा

कॅनडा सरकारने हॉलगेट, केरी आणि टोरोंटो विद्यापीठाचे प्राध्यापक गॅलब्रेथ या तीन इंजिनीअरांचा आयोग नेमला. १९०८ चा त्यांचा अहवाल संशोधन शिकणाऱ्याने जरूर चाळावा. असे अहवाल वाचताना एक युक्ती उपयोगी पडते. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे लिहा ‘तेव्हा माहीत होतं’, उजवीकडे ‘नंतर कळलं’. नाहीतर पश्चातबुद्धीने सगळेच मूर्ख दिसायला लागतात, आणि इतिहासातून काही शिकायचं राहून जातं.

उजव्या बाजूला मोठी गोष्ट येते. एवढ्या आकाराच्या, जाळीने बांधलेल्या तुळया दाबाखाली कशा वागतात याच्या पुरेशा चाचण्या तोवर झाल्याच नव्हत्या. आयोगाच्या तपासाच्या काळात एक तृतीयांश आकाराची कॉर्ड बनवून दाबली गेली, तेव्हा जाळीचे रिव्हेट तुटून ती निकामी झाली. आयोगाने स्पष्ट म्हटलं की अशा तुळयांबद्दल व्यवसायाचं ज्ञानच अपुरं होतं.

डाव्या बाजूला मात्र दोन गोष्टी येतात. एक, डेड लोड. आयोगाच्या मते ही चूक एवढी मोठी होती की कॉर्ड भक्कम असत्या तरी पूल नापासच करावा लागला असता. आणि यासाठी कोणतंही नवं ज्ञान नको होतं, फक्त जुनं गणित नव्या लांबीने पुन्हा करायचं होतं. दोन, २७ ऑगस्टचं मोजमाप. आयोगाने म्हटलं की त्या तारखेनंतर पूल वाचवणं शक्य नव्हतं, पण जबाबदार माणसांनी अधिक चांगला निर्णय घेतला असता तर जीव वाचू शकले असते.

मुख्य ठपका कूपर आणि श्लाप्का यांच्या निर्णयातल्या चुकांवर ठेवला गेला. हे दोघं अडाणी होते, कामचुकार होते किंवा पैसे वाचवत होते, असं मात्र आयोगाने म्हटलं नाही.

मग नीतिमत्ता कुठे आली?

इथे तत्त्वज्ञानाची थोडी मदत घेऊ. माइक मार्टिन आणि रोलंड शिंझिंगर यांनी १९८० च्या दशकात इंजिनीअरिंग एथिक्सवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांची एक मांडणी आहे: इंजिनीअरिंग हा समाजावर केलेला प्रयोग आहे. नवा पूल, नवं धरण, नवं सॉफ्टवेअर पूर्ण माहितीनिशी कधीच बनत नाही. अनिश्चितता राहतेच. आणि ज्यांच्यावर प्रयोग होतो ती जिवंत माणसं असतात.

हे मान्य केलं की आपल्या ओळखीचे प्रश्न समोर येतात. माणसांवरच्या कोणत्याही प्रयोगात एथिक्स कमिटी तीन गोष्टी विचारते. सहभागी माणसांना धोका सांगितला का? बाहेरच्या कोणी आराखडा तपासला का? आणि वाईट लक्षणं दिसली तर प्रयोग कोण, कधी थांबवणार? औषधांच्या चाचण्यांत हा थांबण्याचा नियम आधीच लिहून ठेवलेला असतो, कारण मध्यावर पोचल्यावर थांबायचं मन कोणाचंच होत नाही.

आता क्युबेक या तीन प्रश्नांवर लावून बघा. तारा आणि पत्रं फिरत होती ती इंजिनीअर, कंपनी आणि सल्लागार यांच्यात. धोका मात्र रिव्हेट ठोकणाऱ्यांच्या पायाखाली होता. बाहेरची तपासणी कूपर यांनी थांबवली होती. आणि थांबवण्याचा नियम? तो नव्हताच. अधिकार न्यूयॉर्कमध्ये, पोलाद पेनसिल्व्हेनियात, बाक क्युबेकमध्ये. ज्याला दिसत होतं त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला दिसत नव्हतं.

मला या घटनेचा अर्थ असा लागतो: नीतिमत्ता ही फक्त माणसाच्या चांगुलपणात नसते, कामाच्या रचनेतही असते. मॅक्लुअर प्रामाणिक होता. त्याने मोजलं, कळवलं, मोठ्या नावाच्या कंपनीपुढे आपलं म्हणणं सोडलं नाही. पण त्या व्यवस्थेत एका तरुणाच्या प्रामाणिक मोजमापाला काम थांबवता येत नव्हतं. ‘थांबा’ म्हणायला त्याला शेकडो मैलांचा प्रवास करावा लागला, आणि तेवढा वेळ पुलाकडे नव्हता.

अर्थात याने कूपर सुटत नाहीत. व्यवस्था माणसंच बनवतात. तपासनीस नको म्हणणं हा निर्णय होता, आणि जागेवर जाता येत नसताना अखेरचा शब्द स्वतःकडे ठेवणं हाही निर्णयच होता.

नंतर

दुसरा पूल बराच भक्कम बांधला गेला. तरी १९१६ मध्ये मधला तुकडा वर चढवताना तो नदीत पडला आणि आणखी १३ माणसं गेली. १९१७ मध्ये पूल पूर्ण झाला. तो आजही उभा आहे, आणि आजही जगातला सर्वांत लांब कँटिलिव्हर गाळा त्याचाच आहे.

पुढे टोरोंटो विद्यापीठातले प्राध्यापक हॉल्टेन यांनी १९२२ मध्ये सुचवलं की नव्या इंजिनीअरांनी एक शपथ घ्यावी. तिचा विधी लिहून दिला रुडयार्ड किपलिंग यांनी, म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेल्या लेखकाने. १९२५ पासून कॅनडात हा विधी होतो आणि प्रत्येक जण करंगळीत लोखंडी अंगठी घालतो. पहिल्या अंगठ्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या, असं तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. ती दंतकथा आहे. छान गोष्ट दिसली की आधी पुरावा विचारायचा, ही सवय इथेही लावून घ्या.

तुमच्यासाठी एक काम

पेट, नेट, सेट यांची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहिताना अर्धा तास काढा आणि तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

पहिला: माझ्या कामात असा कोणता आकडा आहे जो मी सुरुवातीला अंदाजाने धरला आणि नंतर बाकी सगळं बदलूनही तो तसाच ठेवला? सॅम्पल साइझ, एखादा स्थिरांक, जुन्या पेपरमधून उचललेली किंमत, काहीही असू शकतं. त्याच्यापुढे शेवटच्या तपासणीची तारीख लिहा. तारीख आठवत नसेल, तर तेच तुमचं उत्तर आहे.

दुसरा: एखादं न जुळणारं रीडिंग आलं तर ‘उपकरण आधीपासूनच तसं आहे’ आणि ‘खरंच काहीतरी होतंय’ या दोन म्हणण्यांत फरक करणारं सर्वांत साधं मोजमाप कोणतं? बहुतेक वेळा ते फूटपट्टी घेऊन पुन्हा मोजण्याइतकंच सोपं असतं.

तिसरा: माझ्या प्रयोगात ‘थांबा’ कोण म्हणू शकतं? फक्त गाइड? की रात्री लॅबमध्ये एकट्याने बसलेला ज्युनिअरसुद्धा? आणि त्याला हा अधिकार आहे, हे कोणी कधी त्याला सांगितलंय का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून झालं की ते लॅबमध्ये सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावा.